शनिवारचा ग्रे

गेल्या वर्षी पितृपंधरवड्यात फॉल-पिकोला टाकलेली साडी आणायला दादरला रानडे रोडवरच्या एका दुकानात गेले होते. या पंधरा दिवसांत साडीवाले माश्या मारत बसतात, असं माझी आई सांगायची. नवं वस्त्र घ्यायचं नाही, घेतलंच तर घडी मोडायची नाही. पण त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या गादीवर साड्यांचा ढीग, नव्या कापडाच्या खळीचा वास, वरच्या फळीवरून धपकन खाली येणारे गठ्ठे. माझ्या शेजारी एक तिशीतली बाई आणि तिची सासू बसल्या होत्या. बाईने रंगाचं नाव घेतलंच नाही. ‘शनिवारची दाखवा,’ एवढंच म्हणाली. गादीवरच्या मुलानेही रंग विचारला नाही. मागे मान वळवून तो ओरडला, ‘शनिवार काढ रे, साडेचारशेतला!’

आला तो ग्रे. काठाला चंदेरी पट्टी, अंगभर बारीक बुट्टी, कापड बोटांना किंचित चिकटणारं. बाईने पदर अंगठा आणि बोटात धरून चोळून पाहिला, उजेडाकडे धरला, पुन्हा खाली ठेवला. सासूबाई हळूच म्हणाल्या, ‘अगं, असला रंग सणाला? आणि तोही पक्षात?’ ती म्हणाली, ‘आई, घडी नवरात्रातच मोडणार आहे. ग्रुपचा फोटो असतो.’ ‘आणि नंतर काय करणार हिचं?’ यावर ती काहीच बोलली नाही. गादीवरचा मुलगा समजुतीच्या सुरात म्हणाला, ‘रंग तसा सणाचा नाही मावशी, पण आता चालतो.’ तिने पर्सच्या आतल्या कप्प्यातून चार घड्या घातलेल्या नोटा काढल्या आणि पैसे दिले.

त्या खरेदीला हजर असलेल्या तिघांपैकी एकालाही ती साडी आवडलेली नव्हती, आणि तरी ती विकली गेली.

ट्रेनमध्ये बसल्यावरही ते डोक्यातून जाईना. त्या बाईच्या हातून ती साडी घेतली कोणी? जाहिरातीने म्हणावं, तर साडेचारशेच्या त्या साडीची जाहिरात कोण करतंय? दुकानदाराने गळ्यात मारली म्हणावं, तर तो बिचारा उलट खरं बोलत होता. घेणारे लोक त्या दुकानात नव्हतेच. ते कुठल्या तरी ऑफिसात, कुठल्या तरी लोकलच्या डब्यात, कुठल्या तरी मोबाइलमधल्या ग्रुपवर होते, आणि त्यातल्या कुणीही तिला ‘घेच’ म्हणून सांगितलं नसणार. मला हे छातीठोकपणे सांगता येतं, कारण मी अशाच एका ग्रुपमध्ये आहे आणि आम्ही कुणीही कुणाला कधी ‘घेच’ म्हणत नाही.

नवरात्रात रोज एक ठरलेला रंग नेसायचा, त्या नऊ रंगांची गोष्ट तुम्हाला मी काय सांगायची. दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘महाराष्ट्र टाइम्स’ने ती सुरू केली, बायकांनी फोटो पाठवले, ते छापून आले, आणि बघता बघता परंपरा आहे असं वाटावं इतकी ती अंगवळणी पडली. ज्यांना हे धर्मात बसत नाही म्हणून राग येतो, त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण माझा तो राग नाही. मला तो दिवस अजून आठवतो, जेव्हा पिवळ्या गुरुवारी मी डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर उतरले आणि बायकांच्या डब्याच्या खुणेपाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळंच पिवळं. हळदी, लिंबू, मोहरी, झेंडू, सगळ्या छटा. त्यात एक पोलीसबाई होती, तिने खाकीवर केसात शेवंतीची वेणी माळली होती. झाडूवाल्या मावशींनी पिवळी ओढणी कमरेला खोचली होती. गाडी आली तेव्हा रोजचीच ढकलाढकली झाली, रोजच्याच कोपरखळ्या, पण आत गेल्यावर ज्या बाईचं कोपर माझ्या बरगडीत बसलं होतं ती माझ्या साडीकडे बघून हसली. रोज दीड-दीड तास एकमेकींच्या श्वासात श्वास मिसळून प्रवास करणाऱ्या, पण एकमेकींचं नावही माहीत नसणाऱ्या आम्ही, त्या दिवशी एकमेकींच्या कुणीतरी होतो. तो आनंद खोटा होता असं मला आजही म्हणवत नाही.

आणखी एक गोष्ट सांगते. आमच्या ग्रुपमध्ये नावांपेक्षा ठिकाणं चालतात. मुलुंडवाली, घाटकोपरवाली, एलआयसीवाली, बँकवाली. त्यातल्या घाटकोपरवालीचे यजमान ऐन चाळिशीत गेले. त्यानंतर ती फिकट रंगच नेसायची. घरी कुणी सांगितलं असेल किंवा तिनेच ठरवलं असेल, आम्ही कधी विचारलं नाही. नवरात्रातल्या एका मंगळवारी ती लाल साडी नेसून आली. चांगली लालभडक, हिरव्या काठांची. सगळ्या गप्प झाल्या. तिने पर्स मांडीवर घेतली, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, ‘आज रंगच लाल आहे ना.’ तेवढंच. सासूला, दिराला, शेजारणीला द्यायला तिला एक कारण मिळालं होतं, आणि ते कारण मुंबईभरच्या बायकांनी मिळून तयार केलेलं होतं. सगळ्याच लाल नेसल्यात, मी एकटी नाही, हे वाक्य तिच्या बाजूने उभं राहिलं. त्या दिवसानंतर ती रंगीत नेसायला लागली ती कायमचीच. म्हणून लोक ‘मेंढरासारख्या एकीमागे एक जातात बायका’ असं म्हणतात तेव्हा मला ती लाल साडी आठवते आणि मी वाद घालते. दहाजणींचा दाब एखादीच्या पाठीशी उभा राहतो तेव्हा तिला कुलूप उघडून देतो.

पण तोच दाब दुसरीकडून पैसे वसूल करतो.

रंगांचा हिशेब खरं तर सोपा आहे. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी ग्रे, रविवारी केशरी. घट ज्या वारी बसतात त्यावरून क्रम बदलतो आणि मोरपंखी, गुलाबी, जांभळा यांतले दोन शेवटी जोडले जातात. म्हणजे सात रंग दरवर्षी तेच. एकदा कपाटात आले की पुन्हा घ्यायला नकोत. पहिली काही वर्षं तसंच होतं. कपाटं उपसली जायची. आईची जुनी पिवळी इरकल, लग्नातली हिरवी, मावशीने ओटी भरलेली केशरी, अशा साड्या बाहेर यायच्या, त्यांना डांबरगोळ्यांचा वास यायचा, आणि डब्यात प्रत्येकीला आपल्या साडीची गोष्ट सांगायची असायची. मला तेव्हाचं नवरात्र फार आवडायचं. कुणाच्या निळ्याला जांभळी झाक असली तरी कुणी हटकत नसे. मग प्रत्येकीच्या हातात कॅमेऱ्याचा फोन आला आणि गणित बदललं. फोटो विसरत नाही. गेल्या वर्षीचा बुधवार या वर्षीच्या बुधवारी फोन आपणहून समोर आणून ठेवतो, आणि कुणीतरी निर्मळ मनाने, अगदी कौतुकाने म्हणतं, ‘अय्या, ही तीच ना गेल्या वर्षीची? छानच दिसते तुला.’ या वाक्यात वाईट काहीच नाही. पण पुढच्या वर्षी त्या बाईला नवी निळी घ्यावीशी वाटते.

विकणारे तर आमच्यातच असतात. डब्यात कानातल्यांचा पुठ्ठा घेऊन येणारी मुलगी नवरात्रात रंगांच्या हिशेबाने माल आणते. एखादी नुसतं ‘बघू गं’ म्हणते, पुठ्ठा हातोहात फिरतो, आधी एकीच्या कानाला लागतं, मग दुसरीच्या, आणि ठाणे ते घाटकोपर एवढ्या वेळात पाच-सहा जोड खपतात. ते दहा-वीस रुपयांचं असतं, त्याचं मला काही वाटत नाही, उलट त्या मुलीचं घर त्यावर चालतं. पण आमची मुलुंडवाली साड्या विकते. रात्री दहाच्या पुढे, भांडी-बिंडी आवरून, ती ग्रुपवर फोटो टाकते. खाली लिहिते, ‘शेवटचे तीन पीस.’ मग लगेच ‘मला एक’, ‘मला पण’, ‘पिंक माझी’ असे मेसेज येतात. ‘नको’ असा मेसेज मी आजवर बघितलेला नाही. ज्यांना नको असते त्या गप्प बसतात, आणि गप्प कोण आहे हे सगळ्यांना दिसतं, कारण निळ्या खुणा झालेल्या असतात. पैसे पुढच्या पगाराला दिले तरी चालतात. मुलुंडवाली मनाची चांगली आहे, नवऱ्याची नोकरी गेल्यावर तिने हा उद्योग सुरू केला, मालही ती पारखून आणते. म्हणूनच तिला नाही म्हणणं अवघड. दुकानदाराला नाही म्हणताना आपण फक्त साडी नाकारतो.

मोठमोठ्या कंपन्यांना हे फार पूर्वीच कळलंय. टपरवेअरने 1951 मध्ये अमेरिकेत दुकानांतून आपला माल काढून घेतला आणि ब्राउनी वाइझ नावाच्या बाईच्या सांगण्यावरून फक्त घरगुती पार्ट्यांमधून विकायचं ठरवलं. तेच डबे दुकानाच्या फळीवर धूळ खात होते. मैत्रिणीच्या दिवाणखान्यात, तिच्या हातचं खाऊन, शेजारणीने दोन डबे लिहून घेतल्यावर मात्र ते हातोहात जायला लागले. भारतात ती कंपनी 1996 मध्ये आली, आणि आमच्या सोसायटीतही अशी एक दुपार झाली. यजमानीणबाईंनी साबुदाण्याचे वडे केले होते. डबे दाखवणारी बाई झाकणाची कड किंचित उचलून आतली हवा काढून दाखवत होती, तो फुस्स आवाज ऐकून सगळ्या हसत होत्या. मी एक गोल डबा घेतला. तो घट्ट बसतो, गळत नाही, अजून माझ्याकडे आहे, मी त्यातून भाजी नेते. वस्तू चांगली होती. पण त्या दुपारी वडे खाऊन रिकाम्या हाताने उठलेली एक बाई माझ्या लक्षात आहे. तिने चपला घालताना यजमानीणबाईंना दोनदा सांगितलं, ‘पुढच्या वेळी नक्की घेते हं.’ तिला ते सांगावं का लागावं?

सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या आसपास केलेले प्रयोग मला कॉलेजात शिकायला होते. तेव्हा नुसते पाठ केले, समजले आत्ता. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. पहिलीएवढी लांब कोणती ते मोठ्याने सांगायचं. लहान मूलही सांगेल. पण खोलीतले बाकी सगळे आधीच पढवलेले असत, आणि ते एकामागून एक बिनदिक्कत चुकीच्या रेघेचं नाव घेत. ज्याच्यावर प्रयोग चालू आहे त्याची पाळी शेवटाकडे येई. तोवर त्याच्या कपाळाला घाम. अशा फेऱ्यांमध्ये तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उत्तरं डोळ्यांना दिसणारं सोडून इतरांच्या मागे गेली, आणि चारांतल्या तिघांनी निदान एकदा तरी मान तुकवली. परीक्षेला आम्ही इथवरच लिहायचो. पण त्याच प्रयोगांत पुढे दोन गोष्टी होत्या. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहून द्यायला सांगितलं, तर चुका पुष्कळ कमी होत. आणि त्या सगळ्या पढवलेल्यांपैकी एकानेच जरी खरी रेघ सांगितली, तरी बिचाऱ्याचा जीव भांड्यात पडे आणि तोही बहुतेक वेळा खरं बोले. एकच माणूस पुरत असे. मी हे पुन्हा वाचलं तेव्हा मला लालबागच्या आमच्या चाळीतला नळ आठवला.

आमच्या मजल्यावर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची धामधूम असे. ‘यंदा काय लुटलं?’ हा प्रश्न नळावर, जिन्यात, रॉकेलच्या रांगेत. कुणी प्लॅस्टिकची गाळणी, कुणी कुंकवाचे करंडे, कुणी आरशाची फणी. मग स्टीलचा जमाना आला आणि वाट्या लुटायची पद्धत पडली. पितळेची भांडी आणि जरीच्या जुन्या साड्या बायका एकामागून एक काढायला लागल्या. बोहारीण दुपारी दोनच्या सुमाराला टोपली घेऊन यायची, जिन्याखाली बसायची, साडी ताणून विरली आहे का बघायची, जर नखाने खरवडायची. आईची एक जरीकाठी साडी अशीच दोन पातेल्यांना गेली. पातेल्यांवर नाव घालणारा माणूस बसला की त्या मशिनचा टर्रर्र आवाज मजलाभर घुमे. आईच्या डब्यात एक वही होती. कुणाकडून काय आलं, त्याच्या तोडीचं आपल्याकडून काय गेलं, सगळं तिने बारीक अक्षरात लिहून ठेवलेलं. हिशेबाला ती पक्की होती, पण ती वही लिहिताना तिच्या चेहऱ्यावर जो ताण असे तो मला किराणाच्या हिशेबाच्या वेळी दिसत नसे. किराणाचं देणं वाण्याचं होतं, पुढच्या पगाराला फिटणारं.

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले, त्यात बाबा. पहिले काही महिने सगळ्यांना वाटायचं, मिटेल. मग गावाहून तांदूळ यायला लागले, मग काही बिऱ्हाडं गावाला गेली ती परतलीच नाहीत. पुढच्या वर्षीची संक्रांत आली तेव्हा आमच्या मजल्यावर बहुतेक घरांत पगार नव्हता. मी नऊ-दहा वर्षांची होते. आई रात्री वही उघडून बसायची आणि मिटवायची. हळदीकुंकू करायचं नाही हे तिच्याने होणार नव्हतं, सवाष्णीने ते टाळायचं कसं. आणि केलं की वाण आलं. शेजारची, पलीकडची, सगळ्याच या पेचात, आणि एकीनेही तोंडातून शब्द काढला नव्हता. मजल्यावर एक बिऱ्हाड पोस्टातल्या नोकरीचं होतं. त्यांचा पगार चालू होता. सकाळी नळावर रांग लागलेली असताना त्या काकू कळशी घासता घासता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘यंदा माझ्याकडे नुसतं हळदीकुंकू आणि तिळगूळ. वाण काही लुटणार नाही मी. उगीच ढीग होतो घरात.’ क्षणभर नळाचाच आवाज. मग आई म्हणाली, ‘माझंही तेच.’ आणि मग सगळ्यांचंच तेच झालं. त्या वर्षीची हळदीकुंकवं मला सगळ्यात जास्त आठवतात. बायका जास्त वेळ बसल्या, अत्तराच्या बोटानंतर उठण्याची घाई कुणाला नव्हती. काकूंना वाण देणं परवडत होतं, हे त्या रांगेतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं, आणि काकूंच्या बोलण्यात ताकद आली ती त्यामुळेच. आईने तेच वाक्य आधी म्हटलं असतं तर ते संपाचं रडगाणं झालं असतं.

त्याच गिरणगावात एकमेकींच्या धाकावर बायकांनी मोठं कामही उभं केलं. खानावळ चालवणाऱ्या, गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांना घेऊन प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. सावकाराच्या तावडीतून सुटून त्या बायका बँकेच्या दारात गेल्या, तारण म्हणून द्यायला काही नव्हतं, तर एकमेकींना जामीन राहिल्या. हप्ता चुकला तर शेजारणीसमोर मान खाली जाईल, ही भीतीच त्यांची पत झाली. भिशीचंही तसंच. आईच्या हाती पैसा टिकत नसे, कुणाचं दुखणं निघालं, कुणाची फी आली की डबा रिकामा. पण भिशीचे पैसे तिने कधी मोडले नाहीत, कारण एक तारखेला दहाजणी वाट बघत असायच्या. तिला भिशी लागली तेव्हा घरात मिक्सर आला. मीही अशीच आहे, एकटीने ठरवलेली बचत माझ्याच्याने होत नाही, चारचौघींत कबूल केलेली होते. त्यामुळे दाब नकोच, ज्याने त्याने आपल्या मर्जीने घ्यावं, असं मला सरसकट म्हणता येत नाही. मी एवढंच बघते की भिशीत पैसे देऊ न शकणारी बाई दुपारच्या चहाला येऊ शकते का. आमच्या चाळीत येऊ शकायची. ज्या घोळक्यात काही विकत घेतल्याशिवाय शिरताच येत नाही, तिथे मला कसंनुसं होतं.

आमच्या ग्रुपमध्ये तसं व्हायला लागलंय, आणि ते भोंडल्यामुळे लक्षात आलं. शनिवारी निम्म्याजणींना सुट्टी असते, म्हणून ग्रुपचा भोंडला नवरात्रातल्या शनिवारी संध्याकाळी डोंबिवलीला एकीच्या सोसायटीत होतो. पाटावर हत्ती, भोवती रिंगण, मग खिरापत ओळखायची धमाल. वर्षाचा मोठा फोटो त्या दिवशीचा, त्यामुळे तो कायम ग्रेमध्ये. आणि ग्रे हा असा रंग आहे की आपल्या घरांतून तो आपसूक येत नाही. लग्नात कुणी ग्रे देत नाही, ओटीत येत नाही, आईच्या कपाटात सापडत नाही. बाकी रंग कसेही जमतात, ग्रे मात्र मुद्दाम विकत घ्यावा लागतो. आमच्यात कल्याणची एक मुलगी आहे, मस्जिद बंदरला एका ऑफिसात कंत्राटावर डेटा एंट्री करते. गोड गळा आहे तिचा, डब्यात भजन म्हटलं की सगळ्या मोबाइल खाली ठेवतात. भोंडल्याला तिच्याइतकं कुणी हवं असेल असं नाही. आणि लागोपाठ दुसऱ्या वर्षी ती भोंडल्याला आली नाही. एकदा मुलाला ताप, एकदा गावाहून पाहुणे.

एलआयसीवालीच्या ते ध्यानात आलं होतं. गेल्या वर्षी भोंडल्याच्या आदल्या दिवशी तिने तिला बाजूला घेऊन सांगितलंही होतं, ‘माझ्याकडे ग्रे पडून आहे गं, ने ती.’ अगदी मनापासून. मुलीने हसून मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी आली नाही. सोमवारी आम्ही दोघी दारापाशी उभ्या होतो, कुर्ला गेलं होतं, वारा जोराचा होता. मी काही विचारलं नव्हतं, तीच बोलली. ‘ताई, त्यांची साडी मी नेसले की सगळ्यांना कळतं ना ती त्यांची आहे. गेल्या वर्षीच्या फोटोत त्याच नेसल्यात ती.’ मी म्हटलं, मग ग्रुपवर सांगायचं ना, की मी दुसरा रंग नेसून येते, कोण काय म्हणणार आहे? ती म्हणाली, ‘कुणी काहीच म्हणणार नाही, तेच तर. तुम्ही म्हटलं असतं ना, तर तुम्हाला कंटाळा आला असं वाटलं असतं. मी म्हटलं की त्याचा अर्थ वेगळा होतो.’ सायन आलं, गर्दीने आम्हाला आत ढकललं, ते बोलणं तिथेच राहिलं.

मी ते एलआयसीवालीला सांगितलं. मुलीचं नाव न घेता सांगायचा प्रयत्न केला, पण तिला कळायचं ते कळलं. तिला वाईट वाटलं, थोडा रागही आला. इतक्या प्रेमाने देत होते, असं म्हणाली. मग म्हणाली, ‘पण सगळ्या एका रंगात नसल्या तर फोटोत मजा काय राहणार?’ मला त्याचं उत्तर सापडलं नाही, कारण मलाही तो फोटो आवडतो. अंधार पडता पडता, सोसायटीच्या ट्यूबलाइटखाली, चाळीस बायका एका रंगात हात धरून फिरतात तेव्हा कोणती कुठली हे ओळखू येत नाही, आणि त्या न ओळखू येण्यात एक सुख आहे. ते आम्हाला सोडावं लागणार आहे, निदान थोडं. आमचं दिवाळीच्या आसपास पुन्हा बोलणं झालं, मग मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी. तिसऱ्यांदा विषय तिनेच काढला.

आता ठरलंय ते असं. यंदा रंगांची यादी आली की भोंडल्याबद्दल ग्रुपवर पहिला मेसेज एलआयसीवालीचा पडणार. कुणाला काही सुचवायचं नाही, आवाहन नाही, फक्त स्वतःपुरतं लिहायचं, की मी यंदा आईची जुनी जांभळी नेसणार आहे. त्याखाली लगेच माझा मेसेज. घाटकोपरवालीलाही मी सांगून ठेवलंय, ती म्हणाली, मी लाल. मुलुंडवालीच्या ग्रे साड्या खपायच्या राहतील म्हणून तिला आधीच कल्पना दिली आहे. ती जरा हिरमुसली, मग म्हणाली की तेवढ्या ऐवजी मोरपंखी जास्त आणते. एलआयसीवालीकडे दोन ग्रे साड्या आहेत, एक तर चांगली महागाची आहे, आणि ग्रुपमध्ये हे सगळ्यांना माहीत आहे.